छत्री उघडल्यानंतरचं शिक्षण : दोन दिवसांच्या कॅनॉपी कोर्सबद्दल

माझा केळीचा व्यापार आहे. सावद्याजवळ पॅकहाउस आहे, माल आखातात जातो, आणि त्या निमित्तानं वर्षातून तीन-चार वेळा दुबई-शारजाला चक्कर होते. स्कायडायव्हिंग मी तिकडेच शिकलो. काही वर्षांपूर्वी आपल्या धुळ्याच्या विमानतळावरही अशा उड्या व्हायच्या, पण तेव्हा पोरं लहान होती आणि कर्ज डोक्यावर होतं. चाळिशी उलटल्यावर योग आला. २५ उड्या पूर्ण करून अमेरिकेतल्या यूएसपीए संघटनेचं ‘ए’ लायसन्स मिळवलं. त्यानंतर, ३४ उड्या झालेल्या असताना, दोन दिवसांचा कॅनॉपी कोर्स केला. म्हणजे उघडलेलं पॅराशूट चालवायचं शिक्षण. त्याच कोर्सबद्दल हे लिहितोय, कारण जळगाव-भुसावळकडची दोन-तीन मुलं मला सारखी विचारतात की लायसन्सनंतर पैसे घालायचे कशावर. कॅमेऱ्यावर, स्वतःच्या हेल्मेटवर, की हवेच्या बोगद्यात पोटावर तरंगायचा सराव करण्यावर?

माझं उत्तर: आधी या कोर्सवर. बाकीचं नंतर.

आमच्या घरी पॅराशूटला सगळे छत्रीच म्हणतात. मीही तसंच लिहितो.

आधी २७ वी उडी सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या कोर्सला गेलो. लायसन्स मिळून जेमतेम दोन उड्या झाल्या होत्या. छत्री छान उघडली होती, दोऱ्यांना पीळ नव्हता, मैदान समोर दिसत होतं. शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसलेली होती, की वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं. शंभरेक फुटांवर असताना विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे नजर गेली, तर तो फिरलेला. वारा आता माझ्या पाठीत होता. मी विचार न करता डावा टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोरीची मूठ, कमरेपर्यंत ओढला. छत्री वळली, पण वळताना तिनं नाक खाली घातलं आणि मी झोपाळ्यावरच्या पोरासारखा बाहेर फेकला गेलो. सरळ व्हायला उंची उरली नव्हती. डाव्या कुशीवर आपटलो. नशीब म्हणून हाड मोडलं नाही, घोटा सुजला. तीन आठवडे पॅकहाउसमध्ये स्टुलावर पाय ठेवून बसून १३ किलोच्या पेट्या मोजल्या.

त्या तीन आठवड्यांत मी एकच विचार केला. माझ्या पाठीवर रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री होती. एएडी नावाचं यंत्रही होतं, जे माणूस बेशुद्ध झाला किंवा भान हरपून पडत राहिला तर रिझर्व्ह आपोआप उघडतं. दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. एएडी पडण्याचा वेग आणि उंची बघतं. अनुभवी जंपरांच्या सेटिंगला ते सुमारे ७५० फुटांवर, सेकंदाला ३५ मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं माणूस पडत असेल तरच चालतं. चांगल्या उघडलेल्या छत्रीखाली, शंभर फुटांवर, स्वतःच्या हातानं केलेल्या चुकीपुढे कोणतंही यंत्र काही करू शकत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० माणसं गेली. हा खेळ आज जितका सुरक्षित आहे तितका पूर्वी कधी नव्हता, हे खरं. पण आजही जी माणसं जातात त्यांतल्या अनेकांची छत्री व्यवस्थित उघडलेली असते. घरी हे सांगितलं तेव्हा बायकोनं विचारलं, “मग तुम्हाला पडायचंच शिकवलं का, उतरायचं नाही?” मला उत्तर देता आलं नाही. साठ सेकंदांच्या फ्री फॉलवर आम्ही तासन् तास बोलतो, आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांवर कोणी बोलत नाही.

आता कोर्स. जागेचं नाव देत नाही, तिथं जाणाऱ्याला ते सहज सापडेल. आम्ही सहा जण होतो, शिकवणारा एक. दोन दिवसांत नऊ उड्या. विमान १३,००० फुटांवर न जाता ५,००० फुटांवरच आम्हाला सोडायचं, आणि बाहेर पडल्यावर चार-पाच सेकंदांत छत्री उघडायची. पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. कमी उंचीवरून बाहेर पडायची भीती माझ्या पोटात होती, ती दुसऱ्या उडीला गेली. आणि हातात मिळतो भरपूर वेळ, फक्त छत्रीसाठी. प्रत्येकाला वेगळ्या फेरीत नाहीतर मोठं अंतर ठेवून सोडायचे, त्यामुळे आकाशात गर्दी नसायची. उतरताना एक जण खालून व्हिडिओ काढायचा, आणि पुढच्या उडीआधी तो सगळ्यांसमोर लावून थांबवत थांबवत बघायचा.

पहिल्या सकाळी एकही उडी झाली नाही. दोन तास फळ्यासमोर. मला हे फार आवडलं, कारण शिकवणाऱ्यानं सुरुवातच वाऱ्यापासून केली. हँगरच्या आडोशाला हवा कशी गोल फिरते, खाली दाबते, ते त्यानं काढून दाखवलं. कोणत्याही अडथळ्याच्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत त्याच्या मागे हवा खवळलेली असू शकते, असं तो म्हणाला. मी हात वर करून सांगितलं की आमच्याकडे केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट ओळ लावतात, ती वारा अडवते. त्यानं मला उभं केलं आणि म्हणाला, शेवरी किती उंच? म्हटलं, पंधरा फूट. मग त्या ओळीच्या मागे दीडशे ते तीनशे फूट तू उतरायचं नाहीस. मी कित्येक वर्षं त्या ओळीला फक्त बागेचा कैवारी मानत आलो होतो. तिच्याच मागची हवा माझ्या छत्रीला खाली आदळू शकते, हे त्या दिवशी कळलं. तीस फुटी हँगर असेल तर सहाशे फुटांपर्यंत जपावं लागतं. आता कुठंही उतरायच्या आधी मी अडथळे शोधतो आणि मनात विसानं गुणतो.

रावेर-यावलच्या माणसाला वाऱ्याचं वेगळं शिकवावं लागू नये, असं मला वाटत असे. दर मे-जूनला एखाद्या वादळात तासाभरात बागा आडव्या होताना आम्ही पाहिल्या आहेत. आमचे आप्पा अजूनही ओट्यावर बसून केळीचं पान बघतात आणि सांगतात, “वाऱ्याले नाव ठेवू नको, तो सांगूनच येतो.” तिकडं वाळवंटात पान नाही. पण विंडसॉक आहे, झेंडे आहेत, रस्त्यावरच्या गाडीमागची धूळ आहे. आणि वावटळ तर दोन्हीकडे आहे. भर दुपारी तापलेल्या जमिनीवर उठणारी जी वावटळ आपण उन्हाळ्यात वाफ्यातला पाला उडवताना बघतो, तीच छत्री मिटवू शकते. कोर्समध्ये यावर त्यानं अर्धा तास घेतला आणि मला एक मिनिटही जास्त वाटलं नाही.

आता एक गोष्ट जवळून सांगतो, कारण माझ्यासाठी ती सगळ्या फीच्या मोलाची ठरली. जमिनीजवळ आल्यावर दोन्ही टॉगल खाली ओढून वेग मोडायचा, याला फ्लेअर म्हणतात. साधारण बारा-पंधरा फुटांवर सुरुवात करायची. माझा फ्लेअर कायम बिघडायचा. हात पूर्ण खाली जायच्या आतच छत्री मागे रेलायची आणि शेवटचे तीन फूट मी दगडासारखा खाली यायचो. गेल्या दहा-बारा उड्या असंच चाललं होतं. मला वाटायचं की माझीच वेळ चुकते, आणि आधीच्या जागी सगळ्यांनी मला तेच सांगितलं होतं: उशिरा ओढ, लवकर ओढ, हळू ओढ.

इथं पहिल्याच उडीचा व्हिडिओ त्यानं एका ठिकाणी थांबवला. मी उतरायच्या वाटेवर होतो, हात पूर्ण वर, कानांच्याही वर. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. छत्रीची मागची कड थोडी खाली ओढलेली दिसत होती. “हात वर असताना ही कड सरळ हवी, आणि ब्रेकच्या दोऱ्या थोड्या ढिल्या, मागे कमानीसारख्या झुललेल्या दिसल्या पाहिजेत. तुझ्या ताठ आहेत.” म्हणजे मी भाड्यानं घेतलेल्या छत्रीच्या ब्रेकच्या दोऱ्या आखूड होत्या. मी काहीही न करता ती छत्री कायम थोडा ब्रेक दाबून उडत होती, त्यामुळे फ्लेअरला लागणारा वेगच कमी, आणि हात खाली नेले की ती लवकर कोसळायची. जेवणाच्या सुट्टीत रिगरनं, म्हणजे छत्र्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं, दोऱ्यांची लांबी दुरुस्त केली. दुपारच्या उडीला मी तसाच, त्याच उंचीवर फ्लेअर केला आणि दोन पावलं चालत थांबलो. घशात काहीतरी दाटून आलं. त्या छत्रीवर माझ्याआधी किती नवख्यांनी स्वतःला दोष दिला असेल, हे आठवून रागही आला. ती छत्री जिथून घेतली होती त्यांना मी कळवलं आहे.

तेव्हापासून मी कोणतीही भाड्याची छत्री घेतली की उघडल्यावर, उंची असतानाच, हात पूर्ण वर सोडून मागची कड बघतो. मग डावीकडे एक वळण, उजवीकडे एक, आणि एक पूर्ण फ्लेअर. ही छत्री उतरवता येण्यासारखी आहे की नाही याचा निकाल मला जमिनीवर नको, वर हवा. ‘ए’ लायसन्सवाल्याची निर्णयाची उंची २,५०० फूट. त्याच्या वर असतानाच ठरवायचं, ही ठेवायची की अंगापासून सुटी करून रिझर्व्ह उघडायची.

दुसरी शिकलेली गोष्ट म्हणजे सपाट वळण. दोन्ही टॉगल अर्ध्यापर्यंत खाली घ्यायचे, आणि ज्या बाजूला वळायचं तिच्या विरुद्ध बाजूचा थोडा वर सोडायचा. छत्री नाक न घालता, जवळजवळ आडवीच फिरते. २७ व्या उडीला मला हे येत असतं तर घोटा वाचला असता. पण त्याहून मोठी गोष्ट त्यानं उतरण्याचा क्रम सांगताना शिकवली. सगळ्यात आधी छत्री सपाट. मग मोकळी जागा, अडथळ्यापासून दूर. मग निदान अर्धा फ्लेअर. मग पाय जुळवून, लोळत पडायची तयारी. वाऱ्याकडे तोंड हे या चारांत नाहीच. साधं गणित आहे: छत्रीचा स्वतःचा वेग ताशी ३५ कि.मी. धरा आणि वारा १५ चा. वाऱ्याकडे तोंड असेल तर जमिनीवर २० चा वेग, वारा पाठीत असेल तर ५० चा. ५० नं सरळ घसरत, लोळत उतरलात तर खरचटेल, कदाचित हात मोडेल. पण वळणात असताना आदळलात तर छत्री तुम्हाला जमिनीत ठोकते. हे त्यानं आम्हाला इतक्या वेळा म्हणून घेतलं की मी अजून झोपेतही म्हणतो: सपाट, मोकळं, अर्धा फ्लेअर, लोळण.

बाकीचं थोडक्यात. वळायच्या आधी मान वळवून बघायचं, खालीही बघायचं. उतरण्याचा चौकोन १,००० फुटांवर वाऱ्याबरोबर सुरू करायचा, ६०० ला आडवं वळायचं, ३०० ला शेवटच्या सरळ वाटेवर यायचं, आणि हे आकडे वाऱ्याप्रमाणे हलवायचे. नेमक्या जागी उतरायचं असेल तर समोरची जी जागा नजरेत वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही, तिथंच आपण पोचणार. हे शेवटचं मला सातव्या उडीला उमगलं. एकदा दिसलं की न दिसणं अवघड.

छत्री पूर्ण कोसळेपर्यंत, म्हणजे स्टॉलपर्यंत हळूहळू ब्रेक ओढणं आणि हळूहळू सोडणंही उंचीवर करायला लावलं. याची मला सगळ्यात जास्त भीती होती. कान शांत होतात, वाऱ्याचा आवाज विझतो, मग छत्रीची दोन्ही टोकं मागे वळतात आणि पोटात खड्डा पडतो. पण एकदा ते टोक कुठं आहे हे हाताला कळलं की टॉगल कुठवर ओढायचा ते मनगट सांगतं.

तक्रारीही आहेत. जाहिरातीत चार विद्यार्थ्यांना एक शिक्षक असं लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात सहा होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाई झाली आणि शेवटच्या दोन उड्यांचे व्हिडिओ पाच मिनिटांत गुंडाळले. मला वाटतं तेच सगळ्यात महत्त्वाचे होते, कारण त्या उड्या आम्ही थकलेलो असताना केल्या होत्या. छत्री स्वतः घडी करायची असल्यानं दमछाक होते. पैसे देऊन पॅकरकडून करून घ्या, निदान दुसऱ्या दिवशी. शिकवणं सगळं इंग्रजीत आणि झपाट्यानं. ज्याला इंग्रजी ऐकायची सवय नाही त्यानं आधीच सांगून ठेवावं, शिकवणारा समजूतदार आहे, परत सांगतो.

एक गोष्ट तक्रार म्हणून लिहिणार होतो, आता कौतुक म्हणून लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा वाढला. यूएसपीए विद्यार्थ्यांसाठी १४ मैल, म्हणजे ताशी सुमारे २२ कि.मी. ही मर्यादा सांगते. आमच्यातले सगळे लायसन्सवाले होते, नियमानं उडी मारता आली असती. त्यानं अडीच तास आम्हाला खाली बसवलं. भरलेले पैसे, ठरलेलं परतीचं विमान, सगळे चुळबुळ करत होते, मीही. त्यानं शांतपणे खुर्च्या बाहेर काढल्या आणि दुसऱ्या गटाच्या अनुभवी लोकांचं उतरणं बघायला लावलं. “कोण कुठं चुकला ते सांगा.” त्या अडीच तासांत मी पाच-सहा चुका अशा पाहिल्या ज्या मी स्वतः केलेल्या होत्या. वारा पडल्यावर संध्याकाळी उरलेल्या उड्या झाल्या.

मुलं मला लहान छत्रीबद्दल विचारतात, म्हणून तेही लिहितो. माझं वजन ८२ किलो, साधन धरून ९४, म्हणजे साधारण २०७ पौंड. छत्री २१० चौरस फुटांची. म्हणजे एका चौरस फुटावर एक पौंडाहून थोडं कमी, आणि ‘ए’ लायसन्सवाल्यासाठी एकची मर्यादाच सुचवलेली आहे. आधीच्या जागी एकानं मला १५० ची छत्री “स्वस्तात” देऊ केली होती. तिच्यावर हाच आकडा १.३८ होतो. तेवढ्या भारानं छत्री वेगानं उडते, वेगानं वळते, आणि माझ्या २७ व्या उडीसारखी चूक तिच्यावर केली असती तर हे लिहायला मी उरलो नसतो. कोर्सवाल्यानं माझे नऊच्या नऊ व्हिडिओ बघून सांगितलं, अजून किमान पन्नास उड्या हीच ठेव. मी ठेवली आहे. कॅमेऱ्यालाही २०० उड्यांची शिफारस आहे, आणि मला तो आकडा पटतो. डोक्यावर कॅमेरा असला की लक्ष त्या व्हिडिओकडे जातं, मैदानाकडे नाही.

खर्च: कोर्सची फी, नऊ उड्या, छत्रीचं भाडं आणि शेवटच्या चार घड्या धरून मला सुमारे ८०,००० रुपये पडले. विमान आणि राहणं वेगळं. माझं धंद्याच्या फेरीत बसलं. रक्कम मोठी आहे, मला कळतं. पण तेवढ्याच पैशांत १३,००० फुटांवरून ज्या डझनभर मौजेच्या उड्या झाल्या असत्या, त्यांनी माझा फ्लेअर सुधारला नसता आणि आखूड दोऱ्या कोणाला दिसल्याही नसत्या. पुढच्या, म्हणजे ५० उड्यांनंतर मिळणाऱ्या ‘बी’ लायसन्ससाठी हा कोर्स तसाही करावा लागतोच. मग ५० व्या उडीपर्यंत कशाला थांबायचं? लायसन्स मिळाल्यावर दहा उड्यांच्या आत करा.

जाताना उड्यांची वही नीट भरून न्या: प्रत्येक उतरण्यापुढे वारा किती होता, कुठं उतरायचं ठरवलं होतं आणि कुठं उतरलो, हे लिहिलेलं. माझ्या वहीत २७ व्या उडीसमोर मी फक्त “पाय” असं लिहिलं होतं. कोर्सवाल्यानं ते पान उघडून माझ्याकडून पूर्ण लिहून घेतलं: उंची, वारा, कोणता टॉगल, किती ओढला. अर्धं पान झालं. फेब्रुवारीत, मृगबागेची कापणी सुरू व्हायच्या आधी, मी त्याच्याच पुढच्या कोर्सला जातोय, रायझरवरच्या, म्हणजे खांद्यावरून दोऱ्यांकडे जाणारे पट्टे ओढून घ्यायच्या वळणांचा. या वेळी विद्यार्थी चारच असतील हे त्याच्याकडून लिहून घेतलं आहे.